तोतया, मोर्तब आणि गाळ्यातला संगणक

गेल्या लक्ष्मीपूजनाला माणमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, एक व्हीएमसी आणि सहा कामगार. मालक माझा जुना विद्यार्थी. शाळेत इतिहासात जेमतेम पास होणारा हा मुलगा आता चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांसाठी जॉबवर्क करतो. पाटावर नवी वही होती, वहीवर स्वस्तिक होते आणि वहीशेजारी लॅपटॉप. त्याने वहीवर अक्षता टाकल्या, मग थोड्या लॅपटॉपवर टाकल्या आणि म्हणाला, "सर, लक्ष्मी आता याच्यातूनच येते. औंदा याच्यातूनच गेली."

हकीकत साधी होती. नेहमीच्या स्टील पुरवठादाराकडून मेल आली की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यावर भरावी. लेटरहेड तेच, सही तीच, मागच्या बिलाचा क्रमांकही बरोबर. हिशेब पाहणारी त्याची पत्नी म्हणाली होती, "एकदा फोन करून विचारू का?" याने उत्तर दिले, "मेल आलीय ना, मग कशाला?" सहा लाख चाळीस हजार रुपये गेले. आठ दिवसांनी पुरवठादाराचाच फोन आला, की पैसे अजून आले नाहीत. मग कोणीतरी मेलचा पत्ता नीट वाचला. त्यात एक अक्षर कमी होते. त्या महिन्याचे पगार सोने गहाण ठेवून झाले.

घरी परतताना मनात आले, की हा गुन्हा नवा आहे असे आपण समजतो, पण यातला संगणक तेवढा नवा आहे. दुसऱ्याचे रूप घेऊन विश्वास मिळवणे, खोटे पत्र खऱ्यासारखे लिहिणे, आतला माणूस फोडणे या गोष्टी मराठी मुलखाने पूर्वीही पाहिल्या आहेत, आणि त्यांवर बंदोबस्तही शोधले आहेत. ते बंदोबस्त कोणते होते, ते केव्हा सुटले आणि माण-चाकणच्या छोट्या कारखानदाराला त्यांची किंमत कशी मोजावी लागते, याचा हा मागोवा आहे.

रत्नागिरीचा कैदी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडल्याची खात्री अनेकांच्या मनाला पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. अशा वातावरणात काही वर्षांतच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण "मीच भाऊ" म्हणत पुढे आला. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. येथवर व्यवस्थेने आपले काम चोख केले होते.

बिघडले ते पुढे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, बारभाईंचा कारभार सुरू झाला, आणि इंग्रजांशी व रघुनाथरावांशी झगडा चालू असताना १७७६ मध्ये हा कैदी रत्नागिरीच्या किल्ल्यातून बाहेर आला. त्याने तट फोडला नव्हता. ज्याच्या ताब्यात तो होता त्या सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला सोडले आणि त्याचा पक्ष घेतला. पाहता पाहता माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी पुढे याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

या प्रकरणात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला कारण त्यांना तो ठेवायचा होता. दुसरी, त्याने अडचणीची वेळ साधली. तिसरी, दार आतून उघडले गेले. आजच्या कोणत्याही सायबर गुन्ह्याचा पंचनामा काढा, यांतली निदान एक गोष्ट हमखास सापडते. आपल्या कायद्याच्या मराठी भाषेतही हा शब्द टिकून आहे. बतावणी करून फसवण्याला तेथे 'तोतयेगिरी करून ठकवणूक' म्हणतात, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड मध्ये संगणकाच्या साहाय्याने केलेल्या याच गुन्ह्याला शिक्षा सांगितली आहे.

कागदाचा बंदोबस्त

तोतया माणसाचा असतो तसा कागदाचाही असतो. मराठी दफ्तराने त्यावर केलेला उपाय आजही आपल्या बोलण्यात आहे, तो म्हणजे शिक्कामोर्तब. आपण हा एकच शब्द समजतो, पण त्यात दोन वेगळी कामे आहेत. शिक्का पत्राच्या माथ्यावर असे आणि पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब मजकूर संपतो तेथे उमटे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा दिसते. तिचा अर्थ, येथे मजकुराची मर्यादा झाली. यापुढे कोणी एक ओळ वाढवली तर ती मुद्रेच्या बाहेर पडणार आणि उघडी पडणार. याखेरीज 'रुजू', 'बार' असे शेरे असत. पत्र दफ्तरी नोंदले गेले, कोणा अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेले, याची ती खूण. कागद खरा की खोटा असा वाद पडला, तर दफ्तरातली नोंद काढून ताडून पाहता येई.

सावकारी पेढ्यांनी हेच काम हुंडीत केले. हुंडीवर रक्कम एकदाच लिहिण्याची पद्धत नव्हती. एक हजाराची हुंडी असेल तर हजार आकड्यात, हजार अक्षरात, मग 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट' असे लिहीत. एका शून्याची भर घालून हजाराचे दहा हजार करणाऱ्याला चार ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघे, ती पैठ. तीही गहाळ झाली तर तिसरी, परपैठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोखा म्हणत आणि ती जपून ठेवली जाई, म्हणजे त्याच कागदावर दुसऱ्यांदा पैसे उचलता येऊ नयेत. हुंडी काढणारा पुढच्या पेढीला वेगळे पत्र लिहून कळवी की अमुक हुंडी येत आहे. हुंडी एका वाटेने येई, खबर दुसऱ्या वाटेने.

या सगळ्यात सर्वांत सोयीची ती शहाजोग हुंडी. तिचे पैसे ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला दहाजण ओळखतात, अशा शहालाच ते द्यायचे. उद्या हुंडी खोटी निघाली तर पैसे घेणारा कोठे राहतो ते गावाला ठाऊक असे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेसुद्धा देशी भाषांतल्या हुंड्यांना त्यांच्या स्थानिक रिवाजावर सोडले. आज मराठीत 'शहाजोग' हा शब्द आपण उपरोधाने, साळसूदपणाचा आव आणणाऱ्यासाठी वापरतो. पेढीवर ज्या शब्दाने पत दाखवायची, तोच व्यवहारात पतीचे सोंग दाखवू लागला.

आता हे सारे निर्दोष होते असे नाही. खोट्या हुंड्या निघत, पेढ्या बुडत, मुनीम फितूर होत. मुद्दा एवढाच, की पैसा हलवण्याची रीत आणि तो तपासण्याची रीत या जोडीने वाढल्या होत्या. एक शिकणारा मुलगा दुसरीही शिकत असे.

ओळखीवर उभा राहिलेला पट्टा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि शेतीच्या या पट्ट्याचे रूप पालटू लागले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांच्या भोवती भोसरी-चिंचवडचे गाळे. मोठ्या कारखान्यातून कसब शिकून बाहेर पडलेला फिटर किंवा टर्नर एक जुना लेथ घेऊन गाळा थाटी आणि आपल्याच जुन्या साहेबाकडून काम आणी.

हा सारा व्यवहार तोंडओळखीवर चाले. चलन हाताने लिहिलेले, माल टेम्पोत, पैशासाठी कंपनीच्या अकाउंट्समध्ये जाऊन बसायचे. बँकेत चेक भरायला गेले तर कॅशियर नावाने हाक मारी. खाते बदलले, असे कोणी कळवले असते तर चहा पाजून आधी कारण विचारले असते. चाकणच्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो, तसलीच ही रीत. बाहेरच्याला कळत नाही, आतल्या दोघांत शंका राहत नाही.

संगणक आला तो हळूहळू, आणि त्याचा पहिला शत्रू फ्लॉपीतून आला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी आपल्या सॉफ्टवेअरची चोरी रोखण्यासाठी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू जगभर पसरला. त्यात त्यांनी आपला पत्ता आणि फोन क्रमांकही घातला होता. इतका शहाजोग विषाणू पुन्हा झाला नाही. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे, दहावीपर्यंत शिकलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी याच काळात विषाणू काढणारी साधने बनवायला सुरुवात केली. दुरुस्तीला येणारे संगणक पुन्हा पुन्हा त्याच रोगाने येत, हे त्यामागचे साधे कारण. १९९३ साली सुरू झालेली त्यांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस पुढे क्विक हील या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. संगणक-सुरक्षेचा हा मराठी उद्योग मोठ्या प्रयोगशाळेतून आला नाही, दुरुस्तीच्या दुकानातून आला, हे नोंदवून ठेवायला हवे.

गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकाराला येऊ लागले आणि त्याचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात पोहोचला. तेव्हापासून माणमध्ये एक विचित्र शेजार नांदतो. काचेच्या इमारतींत बसून आपली मुले परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या संगणकांवर रात्रंदिवस पहारा देतात. तेथून हाकेच्या अंतरावरच्या शेडमध्ये मेल, बँक आणि जीएसटी या तिन्हींचा पासवर्ड एकच असतो, आणि तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो.

हा दोष आळसाचा म्हणून सोडून देता येत नाही. छोट्या कारखानदाराला संगणकाकडे सावकाश जायला वेळ मिळालाच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. बिल, विवरणपत्र, ई-वे बिल, मोठ्या कंपनीचे व्हेंडर पोर्टल, सारे एकदम ऑनलाइन गेले. पैसा हलवण्याची नवी रीत सक्तीने आली. तपासण्याची रीत शिकवायला कोणी आले नाही.

आकड्याला नाव नसते

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सामान्य खातेदाराला कळलीही नाही. २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाली. फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचे नाव लिहावे लागे, म्हणून आपण समजत होतो की बँक नाव ताडून पाहते. प्रत्यक्षात रक्कम खाते क्रमांकावर जमा होत असे, नाव जुळो वा न जुळो. म्हणजे शहाजोग हुंडीच्या नेमके उलटे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालू झाली. सोय मोठी झाली, आणि पहिल्यांदा शंका येईपर्यंत पैसा चार खाती ओलांडू लागला. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसावे, अशी सोय आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी काढला. हुंडीच्या जगात जी पहिली अट होती, ती येथे यायला जवळजवळ वीस वर्षे गेली.

त्याआधी पुण्याने एक मोठा धडा पाहिला होता. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे जाते आणि होकार आला की पैसे बाहेर येतात. हल्लेखोरांनी त्या दोहोंच्या मध्ये आपली बनावट यंत्रणा बसवली आणि बँकेच्या वतीने तीच "द्या, द्या" म्हणू लागली. काही तासांत २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी आणि भारतात अडीच कोटी रुपये निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ते प्रामुख्याने बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीतले होते. बँकेच्या तिजोरीला कोणी हात लावला नव्हता. बँकेचा तोतया उभा केला आणि त्याच्या शब्दावर जगभरच्या यंत्रांनी विश्वास ठेवला.

आतल्या दाराचाही अनुभव पुण्याला आहे. २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले. कुलूप फोडले गेले नाही. रत्नागिरीच्या सुभेदाराप्रमाणे, ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या त्यांनीच त्या वापरल्या.

लहानाच्या दारातून मोठ्याच्या घरात

"माझ्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" हा प्रश्न भोसरी-चाकणला कोणत्याही गाळ्यात ऐकू येतो. त्याचे उत्तर जपानने दिले. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर टोयोटाला प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. शिरकाव झाला तो तिच्या एका उपकंपनीच्या दूरस्थ जोडणीतून. परिणाम असा, की १ मार्च रोजी टोयोटाने जपानमधल्या आपल्या १४ कारखान्यांतल्या सर्व २८ लाइन बंद ठेवल्या. गोदामात साठा न ठेवता वेळेवर माल मागवणारी जी पद्धत टोयोटाने जगाला शिकवली, तीच चाकणमध्येही चालते. एका पुरवठादाराचा संगणक बंद पडला की त्याच दिवशी मोठ्या कारखान्याचा पट्टा थांबू शकतो.

अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तीही वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराच्या पासवर्डवरून. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' सुटला आणि मर्स्कच्या जाळ्यातून थेट न्हावाशेवाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचला. तेथे कंटेनर अडकले.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधले उत्पादन सायबर हल्ल्यामुळे आठवडेच्या आठवडे थांबले. कंपनीला उभे करण्यासाठी ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. पण खरा चिमटा बसला तो तिच्या छोट्या पुरवठादारांना. त्यांचे संगणक शाबूत होते, ऑर्डरच नव्हत्या. धनी आजारी पडला तरी उपास गाळेवाल्यालाच, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडला कोणी समजावून सांगायला नको.

नवे मोर्तब

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली आला. त्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन ओळख चोरणे आणि तोतयेगिरी हे गुन्हे स्पष्टपणे नमूद झाले. सर्ट-इन ही केंद्रीय यंत्रणा २००४ पासून काम करते. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवले, तर पुढच्या खात्यात ते गोठवले जाण्याची शक्यता असते. माझ्या विद्यार्थ्याला हा क्रमांक माहीत झाला तो नवव्या दिवशी. तोवर त्या खात्यात काही शिल्लक राहिले नव्हते.

कायदा गुन्ह्यानंतर येतो. मोर्तब गुन्ह्याच्या आधी उमटायचे असते. आजचे तज्ज्ञ जे उपाय सांगतात ते ऐकताना मला पेढीवरचा मुनीम आठवतो. खाते बदलल्याचे कळले तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करा. ही वेगळ्या वाटेने आलेली खबर. हिशेबाची एक प्रत रोज काढून संगणकापासून सोडवून ठेवा. ही पैठ, आणि दुसऱ्या जागी ठेवलेली परपैठ. पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा आकडाही मागा, आणि तो कोणालाही सांगू नका, हा शिक्का. ठरावीक रकमेच्या वरचे पैसे दोघांच्या संमतीशिवाय हलवू नका. हा 'रुजू'चा शेरा. नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करा. म्हणजे रत्नागिरीचा प्रसंग टळेल. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. सवय लागते, आणि घाईच्या वेळी थांबण्याचा निग्रह लागतो. तोतया घाईच्याच वेळी येतो.

फराळ झाल्यावर त्या संध्याकाळी वर्कशॉपच्या मालकिणीने मला टेबलाचा खण उघडून दाखवला. आत लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. तीत प्रत्येक पुरवठादाराचे नाव, खाते क्रमांक आणि ज्याच्याशी समक्ष बोलणे झाले आहे त्याचा फोन, सारे हाताने लिहिलेले. खाते बदलल्याची मेल आली की त्या वहीतल्या नंबरवर फोन होतो, ओळखीचा आवाज ऐकला जातो, तारीख पडते आणि शेजारी दोघांच्या सह्या होतात. त्याखेरीज पैसे जात नाहीत.

"सर, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा किराणा दुकानात अशी वही ठेवायचे."

पाटावरची कोरी वही लक्ष्मीपूजनापुरती होती. मी मनातल्या मनात अक्षता टाकल्या त्या खणातल्या वहीवर.